सापाला कोपरे नसतात

आमच्या वन्सं सापांच्या शिंपीण आहेत. असं कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग आपण हसायला नको होतं की काय म्हणून थांबतो, आणि मग हळूच विचारतो की सापांना नक्की शिवतात तरी काय. वन्सं समोर असल्या तर चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगतात, "झबली. थंडीचं टोपडंसुद्धा." आणि चहाचा कप उचलून आत निघून जातात. पाहुणा बिचारा दिवसभर टोपडं घातलेला नाग डोळ्यांसमोर आणत बसतो.

खरं काम असं आहे. वस्तीपासून थोडं लांब, विषारी साप पाळून त्यांचं विष काढणारी एक संस्था आहे. त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध बनतं. साप एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा, त्याचं वजन करायचं, पेटी धुवायची असली की त्याला बाहेर ठेवायचं, तर तो कापडी पिशवीतच जातो. त्या पिशव्या वन्सं शिवतात. लग्नाच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. शिवणाचं शिक्षण झाल्यावर लागल्या त्या याच कामाला, आणि आता केस पिकायला लागले तरी त्याच खिडकीपाशी त्याच मशीनवर बसतात. तिथे सगळे त्यांना पिशवीताई म्हणतात.

या पिशवीचं शास्त्र मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. कापड जाड सुती हवं, पण हवा खेळणारं. शिवणीची कच्ची बाजू बाहेर हवी. आपल्या कपड्यांत धागे-दशा आत लपवतात, इथे उलटं, कारण आत एक जरी सुटा धागा राहिला तर सापाच्या दातात अडकायचा. खालच्या दोन्ही कोपऱ्यांवर तिरकी शिवण मारायची, म्हणजे तेवढा कोपरा सापाला मिळत नाही आणि पिशवी उलटी करताना माणसाला धरायला मिळतो. "कोपरा आपला, पोट त्याचं," असं वन्सं म्हणतात. भरलेली पिशवी अंगाला चिकटवून न्यायची नाही, कारण कापडातूनही चावता येतं. तोंड पिळायचं, दुमडायचं, वर नाडीची गाठ मारायची, विषारी असेल तर लाल पट्टी बांधायची. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे गाठ मारलेली पिशवी भरलेलीच समजायची, आणि जो गाठ मारेल त्यानेच ती सोडायची.

आता खरी गंमत. इतकी वर्षं सापांच्या भिंतीला भिंत लावून बसणाऱ्या आमच्या वन्सं सापाला इतक्या घाबरतात की त्याचं नावही घेत नाहीत. नाव घेतलं की येतं, असं त्यांचं मत. रात्री नाव घ्यायचं नाही म्हणून चार जण म्हणतात तसं त्यासुद्धा "लांबडं" म्हणतात, पण त्या ते चोवीस तास म्हणतात. "आज पाच लांबडी वजनाला होती." "नवीन लांबडं आलंय, मोठ्या मॅडम फार खुश आहेत." मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख डॉक्टर. मी एकदा म्हटलं, वन्सं, तुमच्या पगाराच्या पाकिटावरच संस्थेचं नाव छापलेलं असतं, त्यात साप आहे की. तर म्हणाल्या, "ते मी वाचत नाही."

यामुळे आमच्या घरात भाषेचे हाल. लांब कुठल्याच वस्तूला लांब म्हणायची सोय राहिली नाही. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मागच्या दारातून हाक मारली, की ताई, ते तुमचं लांबडं जरा इकडे द्या. तो पाण्याचा पाइप मागत होता. आमचे हे अंघोळीहून टॉवेलवर निघाले होते, ते तसेच ओट्यावर चढले, आणि पाइप परत गुंडाळून ठेवल्याचं मी दोनदा सांगितल्यावर उतरले.

पण वन्संच्या या भीतीने घराला वळण मात्र चांगलं लावलं. जिथे डोळा गेला नाही तिथे हात घालायचा नाही, हा आमच्याकडचा कायदा. बूट झटकल्याशिवाय पाय आत जात नाही. अंगणात अंधार पडला की बॅटरी घेतल्याशिवाय कुणी उतरत नाही. भिंतीशी लाकडं, विटा, जुनी पत्र्याची पिंपं असलं काही साठू द्यायचं नाही. त्यात उंदीर येतात आणि उंदरांमागून लांबडं येतं. साप दिसला तर काठी शोधत फिरायचं नाही, लांब व्हायचं, लहानथोरांना लांब करायचं, नजर ठेवायची आणि जाणत्या माणसाला फोन करायचा. हे सगळं ठीकच आहे, पण कायदा अंगात इतका मुरला की हे बिस्किटाच्या डब्यातही आधी वाकून बघतात.

तर त्या संस्थेतला जाणता माणूस म्हणजे हळूभाऊ. साप हाताळण्याचं काम त्यांच्याकडे. खरं नाव काय ते मला पुष्कळ उशिरा कळलं. कारण ते प्रत्येक गोष्टीला "हळू" म्हणतात. दार हळू. पाऊल हळू. चहा ओतणाऱ्याला हळू, शिंकणाऱ्यालाही हळू. उंच, किरकोळ अंगाचे, बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, आणि चालणं असं की शेजारून गोगलगाय गेली तर ओशाळून मागे वळून बघेल.

वन्संच्या बोलण्यात हळूभाऊ पहिल्यापासून असायचे, त्यात मला काही वाटलं नाही. मग एक दिवस माझ्या कानाला काहीतरी खटकलं. भाजी निवडत होतो. वन्सं म्हणाल्या, "आज हळू म्हणत होते की..." आणि पुढे काहीतरी म्हणाल्या, ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. सगळं जग ज्याला हळूभाऊ म्हणतं, त्यातला भाऊ वन्संनी गाळला होता. उसवलेला टाका काढतात तसा, अलगद, कुणाला कळू नये असा. मी मान खाली घालून वाटाणे सोलत राहिले. पण रात्री ह्यांना सांगितलं, की तुमच्या ताईने भाऊ उसवलाय. ह्यांना काही कळलं नाही. ह्यांना अशा गोष्टी पत्रक काढून कळवाव्या लागतात.

हा भाऊ उसवला कधी, हे मागे जाऊन शोधलं तेव्हा मला तो दंशाचा दिवस सापडला.

त्या दिवशी वन्सं पिशव्यांचा गठ्ठा द्यायला सापांच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या होत्या. दाराच्या आत त्या कधीच जात नाहीत. आत हळूभाऊ एका घोणशीला पेटीत सोडत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बोटाला तिने दात लावला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पेटीचं झाकण लावलं, कडी घातली, आणि मग दारात येऊन म्हणाले की ताई, मला चावलीय, जरा मॅडमना सांगता का, पण हळू.  चावल्यावर काय करायचं ते तिथल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं वन्सं रोज बघत होत्या. त्यांनी ओरडून मॅडमना बोलावलं, हळूभाऊंना बाकावर निजवलं, बोटातली अंगठी आणि मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं, कारण हात सुजला की ते रुतून बसतं. चावलेला हात हलू नये म्हणून फळीला सैल बांधून ठेवला. कुणीतरी दोरी घेऊन धावत आलं, दंडाला आवळून बांधू म्हणालं. कुणी ब्लेड आणलं. वन्संनी दोघांनाही हाकलून दिलं. आवळायचं नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, नुसतं निजवून ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा.

"हलू नका," त्या हळूभाऊंना म्हणाल्या, "आणि घाबरू नका." आणि मग गाडी येईपर्यंत, माणूस शांत राहावा म्हणून, दुसरं काही सुचेना तेव्हा त्यांनी त्यांना दुहेरी शिवण कशी मारतात ते समजावून सांगितलं. आधी उलट बाजूने अर्धं बोट टीप, मग पालथी करून पुन्हा टीप. गाडीतही सांगितलं. दवाखान्यात सुया टोचत होते तेव्हा बटणाचा काजा कसा करतात ते सांगायला घेतलं होतं. हळूभाऊ वाचले. बोटाचं एक टोक जरा वाकडं राहिलं. पुढे महिनाभराने ते कामावर आले आणि सगळ्यांत आधी वन्संच्या खिडकीपाशी येऊन म्हणाले, की ताई, काजा अर्धवट राहिला.

तेव्हा वन्संनी त्यांना विचारलं म्हणे, हे काम सोडून का देत नाही. त्यावर ते म्हणाले, "माझ्या शिरेत जे सोडलं, तेही कुणीतरी काढलेल्या विषाचंच होतं ना."  घरी येऊन वन्संनी मला हे सांगितलं आणि कोथिंबीर निवडायला बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, माणूस चांगला आहे. पण अशा माणसाची संध्याकाळी दारात उभं राहून वाट बघायची, तर काळीज लोखंडाचं पाहिजे. माझं सुती आहे." मी काही विचारलं नव्हतं. त्यामुळेच मला सगळं कळलं.

म्हणजे गाडी अडली होती ती इथे. त्यांना पुढे पाऊल टाकायला वेळ लागणार, कारण ते हळू. आणि वन्संना दार उघडायचा धीर नाही, कारण दारापलीकडे लांबडं.

मध्यंतरी हळूभाऊंनी एक प्रयत्न केला होता. पिशव्या घ्यायला आले असताना म्हणाले, की ताई, माझा एक शर्ट शिवाल का, तयार शर्टाच्या बाह्या मला पुरत नाहीत. सगळं शिवणघर ऐकत होतं. वन्सं गडबडल्या आणि तोंडाला येईल ते बोलून गेल्या: "मी पुरुषाचं माप घेत नाही. घेतलं तर घरच्याच पुरुषाचं घेते." हळूभाऊ बरं म्हणाले, पिशव्या उचलल्या आणि अंगापासून लांब धरून, त्या रिकाम्या असताना, सावकाश निघून गेले. वन्संनी घरी येऊन हे सांगितलं आणि स्वतःच्या कपाळावर चापट मारून घेतली. मी म्हटलं, वाईट काय बोललात, अट तर सांगितलीत. त्या माझ्यावर दोन दिवस रुसल्या.

आणि मग तो रविवार.

दर शनिवारी वन्सं संस्थेतल्या उसवलेल्या पिशव्या एका मोठ्या थैल्यात भरून दुरुस्तीला घरी आणतात. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं घरचं मशीन आहे, त्याशेजारी खुर्ची, खुर्चीशेजारी तो थैला. रविवारी दुपारी मी आणि वन्सं बाजारात गेलो होतो, हे केस कापायला. घरी सासरे एकटे होते. आम्ही तिघंही फाटकात एकदमच परत पोहोचलो, तर सासरे आपल्या नेहमीच्या फिरण्याला गेलेले, फोन पलंगावर, चप्पल गायब. मी स्वयंपाकघरात पिशव्या ठेवायला वळले आणि बाहेरच्या खोलीतून वन्संचा आवाज आला. ओरडल्या नाहीत. अगदी सपाट आवाजात म्हणाल्या, "वहिनी, इकडे येऊ नका. आणि यालाही येऊ देऊ नका."

खुर्चीवर एक पिशवी होती. पिळलेली, दुमडलेली, नाडीची गाठ मारलेली. वर लाल पट्टी.

वन्सं मागे पावलं टाकत बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, आणि खुंटीवरचा टॉवेल घेऊन दाराखालच्या फटीत कोंबला. मग स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि तेव्हा कुठे बोलायला लागल्या. थैल्यातूनच आली असणार. रिकाम्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात चुकून भरलेली गेली असणार. आपण काल बसमध्ये तो थैला मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या बाईंच्या कडेवर बाळ होतं, ते थैल्यावर थापट्या मारत होतं. हे सगळं त्या सांगत होत्या आणि मी पाणी पाजत होते. थैल्यातली पिशवी खुर्चीवर कशी चढली, हा प्रश्न मला पडला, पण तो मी गिळला. कारण ह्यांनी तो विचारला तेव्हा वन्सं म्हणाल्या, "चढली म्हणजे काय, आतलं चढलं," आणि मग कुणीच काही विचारलं नाही.

ह्यांनी अंगणातून, बंद खिडकीच्या काचेतून पहारा धरला. नियमच आहे, नजर ठेवायची. स्टूल घेऊन त्यावर उभे राहिले आणि क्रिकेटचं वर्णन करतात तसं आम्हाला आत ऐकू येईल असं सांगायला लागले. हलतंय. डावीकडे झुकलं. थांबलं. पुन्हा हलतंय. श्वास घेतंय, चांगला दांडगा श्वास आहे. मध्येच म्हणाले, फणा काढलेला दिसतोय, पिशवीला वरून टोक आलंय. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. मी म्हटलं, वन्सं, आधी फोन करू.

संस्थेत रविवारी बोलावण्यावर येणारा माणूस ठरलेला असतो. फोन उचलणाऱ्याने सांगितलं की पाठवतो, कुणी हात लावू नका. कोण येणार हे आम्ही विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण फाटकाशी मोटार थांबली आणि तिचं दार लावायलाच जेव्हा इतका वेळ लागला, तेव्हा वन्संनी माझा हात सोडून केस सारखे केले.

हळूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. पिशवी खुर्चीवर, मशीनशेजारी, हे ऐकताना ते क्षणभर थबकले. वन्संकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग विचारलं, "वडील कुठे आहेत?" फिरायला गेलेत म्हटल्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग एखाद्या गोष्टीचा निकाल लावावा तशी मान हलवली आणि गाडीतून सामान काढायला गेले. गुडघ्यापर्यंतचे बूट. जाड हातमोजे. आकडा लावलेली लांब काठी. चिमटा. झाकणाचं पिंप. एकेक वस्तू बघून, तपासून. आम्हाला तिघांना स्वयंपाकघराच्या दारामागे उभं केलं. ह्यांना खिडकीपाशी पुन्हा चढलेल्या स्टुलावरून उतरवायला थोडा वेळ लागला, कारण त्यांना शेवट चुकवायचा नव्हता.

मग त्यांनी टॉवेल काढला, दार उघडलं, उंबऱ्यात उभं राहून खोलीभर नजर फिरवली, खुर्चीखाली, मशीनखाली, पडद्यामागे. आणि मग हात लांब करून भिंतीवरचा पंखा बंद केला.

पिशवी हलायची थांबली.

"मेला वाटतं," हे म्हणाले.

मी ह्यांना चिमटा काढला. पंख्याच्या वाऱ्याने पिशवी हलत होती हे आत्ता माझ्या लक्षात आलं, पण हळूभाऊंच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. ते पुढे सरकले, काठीचा आकडा गाठीखाली घातला, पिशवी अंगापासून लांब धरून उचलली आणि पिंपाकडे वळले. वळताना ती खिडकीच्या उजेडात आली. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. आणि माझ्या मागे, बोटांच्या फटीतून बघणाऱ्या वन्संनी बोटं खाली घेतली.

आकड्याला लोंबणाऱ्या त्या पिशवीचं पोट चौकोनी होतं. वन्संनी शिवलेले खालचे दोन कोपरे होते ते होतेच, पण त्यांच्या वर, पोटात, आणखी चार कोपरे टोचून बाहेर आले होते. ह्यांनी ज्याला फणा म्हटलं तो त्यातलाच एक.

वन्सं माझ्या पुढे आल्या. आणि या घरात मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून ऐकला नव्हता तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला.

"त्यात साप नाही. सापाला कोपरे नसतात."

हळूभाऊ जागच्या जागी थांबले. काठी हातात, पिशवी लोंबतेय. "काय म्हणालात?"

"कोपरे नसतात म्हटलं."

"त्याच्या आधी."

वन्संच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला, मग घाईघाईने खोलीभर बघितलं, कोपऱ्यांतून, छतावर. काही आलं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि सासरे आले. दारातली मोटार, अंगणातलं स्टूल, उंबऱ्याशी पडलेला टॉवेल, हे सगळं बघत आत आले आणि हातमोजे घातलेल्या हळूभाऊंना बघून म्हणाले, "अरे, तुम्ही पुन्हा आलात? ठेवली होती की मी पिशवी खुर्चीवर. हिच्या मशीनपाशी. हिला द्या म्हणालात ना?" मग आम्हा सगळ्यांकडे बघून, जरा दुखावल्या आवाजात, "सांगायला विसरलो असेन. पण एवढी माणसं कशाला बोलावायची?"

हळूभाऊंना आता बोलणं भाग होतं. ते पिशवीशी बोलल्यासारखं बोलले. दुपारी आलो होतो. द्यायचं होतं थोडं. दुसरी पिशवी नव्हती घरात. गाठ मारली ती हाताने मारली, हाताला तेवढी एकच येते. लाल पट्टी कधी बांधली ते कळलंच नाही.

"मग आल्या आल्या सांगायचं नाही का?" ह्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच मला ह्यांचा प्रश्न पटला.

हळूभाऊ म्हणाले की माझी असेल असं वाटलं होतं. पण मी दिली होती वडिलांच्या हातात, दारात. ही दिसली खुर्चीवर, थैल्याशेजारी. पिशव्या सगळ्या सारख्या. असेल-नसेल यावर हात घालायचा नसतो.

"आणि आता? आता तर कळलं ना तुमचीच आहे?" वन्संनी विचारलं. "मग ती अजून अशी लांब का धरलीत?"

हळूभाऊंनी काठीकडे बघितलं, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. "गाठ सुटलेली नाही अजून."

 वन्संच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मी इतकी वर्षं तो चेहरा बघतेय. दोऱ्याला पीळ पडलेला असतो, आपण ओढत राहतो, आणि मग तो एकदम आपोआप सुटतो, तसं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "ज्याने मारली त्याने सोडायची. सोडा."

मग आम्ही चौघांनी, आत साप नाही हे पक्कं ठाऊक असताना, सापाची पिशवी सोडण्याचा पूर्ण विधी बघितला. हळूभाऊंनी ती जमिनीवर ठेवली. चिमट्याने मानेशी दाबली. नाडी सोडली. दोन पावलं मागे. आकड्याने खालचा कोपरा धरला, आपला, त्याचा नव्हे, आणि हळू, हळू उचलला.

आधी सळसळत बाहेर आलं ते लांबडंच. पिवळं, काळ्या ठिपक्यांचं, वेटोळ्यातून सुटून फरशीवर पसरत गेलं, आणि हे सोफ्यावर चढले. मोजपट्टी होती. कोरी शिंप्याची मोजपट्टी. तिच्यामागून धप्पकन पडलं ते नव्या कापडाचं पुडकं, कागदाची कडक घडी, टोकदार चार कोपरे. निळ्यावर बारीक पांढरी रेघ. शर्टाचं कापड, बाह्यांसाठी जरा जास्तच घेतलेलं.

 पुरुषाचं माप घेत नाही, घेतलं तर घरच्याच पुरुषाचं, हे वाक्य आमच्या घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, कारण मी ते सगळ्यांना सांगितलं होतं. सासऱ्यांनाही. त्यांनी कापडाकडे बघितलं, मोजपट्टीकडे बघितलं, मग गंभीरपणे हळूभाऊंकडे बघून म्हणाले, "बसा ना." आणि उभ्या माणसाला बसायला सांगून आपणच बसले.

वन्संनी वाकून मोजपट्टी उचलली. उचलण्याआधी खाली बघितलं, सवयीने. "बूट काढा," त्या म्हणाल्या. "हातमोजे पण. इथे या, उजेडात."

हळूभाऊ आले. त्या दोघांमध्ये इतका उंचीचा फरक होता की वन्संना टाचा उंचवाव्या लागल्या. खांदा मोजला. बाही मोजली, ती मनगटापर्यंत आल्यावर त्यांचं बोट क्षणभर त्या वाकड्या बोटाशी थांबलं. मग म्हणाल्या, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं, "मला वाट बघता येत नाही, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"तुमच्या वहिनींनी सांगितलं होतं," हळूभाऊ म्हणाले.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याचं बटण न्याहाळत होते.

"पण रिकाम्या पिशवीला जो माणूस बूट घालून सामोरा जातो," वन्सं मोजपट्टीकडे बघत म्हणाल्या, "तो हळू येईल. पण येईल." मग जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू येईल असं, "हलू नका. छाती मोजायचीय. श्वास सोडा, नाहीतर माप खोटं येतं."

हळूभाऊंनी प्रयत्न केला. मग म्हणाले, "सुटत नाहीये."

हे अजून सोफ्यावरच उभे होते. तिथूनच त्यांनी मला विचारलं की म्हणजे ठरलं का. मी म्हटलं, खाली उतरा, मग सांगते.

ठरलं. विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या केल्या, घरी येऊन चहा घेतला, सासऱ्यांनी जावयाला बसा म्हणून पुन्हा आपणच बसून घेतलं. वन्सं आता दोन गल्ल्या पलीकडे राहतात, काम तेच, खिडकी तीच. फक्त संध्याकाळी दोघं एकाच बसने घरी येतात, म्हणजे वाट बघायचा प्रश्नच त्यांनी मुळातून उसवून टाकला. साप हा शब्द मात्र पुन्हा उच्चारलेला नाही. एकदा वापरला तेवढा पुरे, म्हणतात.

शर्ट सह्यांच्या दिवशी घालायचा होता. वन्संनी रात्र-रात्र बसून शिवला, बाह्या पुरल्या, गळा बसला, काजे तर असे की हळूभाऊ बोट फिरवत बसले होते. घालून उभे राहिले तेव्हा आम्ही सगळे बघतच राहिलो. शर्टाच्या सगळ्या शिवणी, खांद्यापासून बगलेपर्यंत, बगलेपासून खालपर्यंत, कच्च्या बाजूने बाहेर होत्या. दशा छान कुरळ्या होऊन लोंबत होत्या. वन्संनी बघितलं आणि मटकन खाली बसल्या. हाताला तेवढी एकच शिवण येते.

मी म्हटलं, उलटा करून घाला, निदान सह्यांपुरता. पण उलटा केला तर बटणं आत जात होती. वन्सं उसवायला कात्री शोधायला लागल्या. हळूभाऊंनी त्यांना थांबवलं, बाही वर-खाली करून बघितली, आणि समाधानाने म्हणाले की राहू दे, आतून एक धागा टोचत नाही.

कार्यालयातल्या कारकुनाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आदराने सांगितलं, की साहेब, घाईत शर्ट उलटा घातलाय.

"नाही," हळूभाऊ म्हणाले, "घाईत नाही."